पंचविसावं बटण

रोज पहाटे दाढीला बसण्यापूर्वी सासरे धावायच्या चड्डीच्या उजव्या खिशात पंचवीस बटणं मोजून टाकायचे. जुन्या कोटाची, खऱ्या शिंपल्याची. मैदानाची एक फेरी झाली की पळता पळताच एक बटण डाव्या खिशात जायचं. उजवा खिसा रिकामा झाला की दहा किलोमीटर पुरे. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. एकदा मोजलं की पुन्हा मोजायचं नाही, हा त्यांचा ताठा.

सत्तरीपुढच्यांच्या शर्यतीच्या दिवशी सुनेची धांदल उडाली होती. नवरा कामावर निघालेला, अंगात पांढरा शर्ट, आणि छातीवरचं बटण तुटलेलं. सासरे आरशासमोर, गालाला फेस. खुंटीवरच्या चड्डीत हात घालून तिनं एक बटण काढलं आणि दिलं टाचून. मूठभर बटणांतलं एक गेलं तर कुठं आभाळ कोसळणार आहे?

दोन तासांत कोसळलं.

सासरे विक्रमाच्या पुढे पळत होते. टेबलाशी बसून त्यांच्या फेऱ्या मांडत होत्या निवृत्त मास्तरीणबाई. उजवा खिसा रिकामा झाला तसे सासरे रेषेवर थांबले, दोन्ही हात वर. आणि बाईंनी शेवटच्या फेरीची घंटा वाजवली.

"अहो काका, थांबलात काय? एक राहिलीय!"

"झाल्या माझ्या पंचवीस!"

"कागदावर चोवीस आहेत. पळा!"

"कागद तुमचा, पाय माझे!"

वीस सेकंद वाद चालला. मग ते पळाले. विक्रम हुकला अकरा सेकंदांनी. आणि तो विक्रम होता बाईंच्या दिराच्या नावावर.

घरी येऊन त्यांनी डावा खिसा टेबलावर उलटा केला आणि जन्मात पहिल्यांदा दुसऱ्यांदा मोजलं. चोवीस.

"पडलं असेल कुठंतरी, बाबा," नवरा म्हणाला.

"माझ्या हातचा खिसा आहे. त्यातून सुई गळायची नाही." ते थांबले. "शर्यत सुरू होईपर्यंत चड्डी पिशवीत होती. पिशवी त्या बाईच्या टेबलाखाली. दिराचं नाव राखायचं होतं ना!"

सुनेनं कपबशी उचलून आत नेली. उद्या सांगू.

तो उद्या उजाडलाच नाही. तोवर सासऱ्यांनी गल्लीभर केलं होतं. "जिच्या हाताला बटण चिकटतं, तिच्या हाताला आणखी काय काय चिकटत असेल!" न्हाव्याकडे हसू, दूधवाल्याकडे हसू. बाईंनी फेऱ्या मांडणं सोडलं. भाजीच्या दुकानात भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तीस वर्षं मुलांचे गुण मांडले गं. कुणाचा अर्धा खाल्ला नाही." सून कांदे निवडत राहिली. एकच कांदा तिनं तीनदा निवडला.

घरात तिला सासऱ्यांची प्रत्येक नजर आपल्यावरच रोखलेली वाटे. ते चष्मा पुसायला लागले तरी ती उठून स्वयंपाकघरात जायची. पांढरा शर्ट ती दोरीवर उलटा वाळत घालू लागली.

एका सकाळी तो सुलटा दिसला. सासरे घरात नव्हते.

मागाहून कळलं, ते बाईंच्या दारात गेले होते. "पुढच्या वेळी फेऱ्या तुम्हीच मांडा. मोजमाप माझंच चुकलं," म्हणाले. मग न्हाव्याकडे, दूधवाल्याकडेही तेच सांगून आले. कसं चुकलं, ते सांगितलं नाही. घरात तर चकार शब्द नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून खिशात चोवीसच बटणं पडू लागली. शेवटची फेरी ते बिनबटणाची पळत.

बाई पुन्हा टेबलाशी बसू लागल्या. विक्रम तेवढा मोडला नाही. गुडघ्यानं दगा दिला.

सून तीन वर्षं वाट पाहत राहिली. आज टोमणा येईल, उद्या येईल. हा माणूस एवढा गप्प कसा? मनात काय शिजतंय याच्या? कधी वाटे, त्यांना कळलंच नसेल. शर्ट वाऱ्यानं फिरवला असेल. पण वारा चिमटे काढून पुन्हा लावत नाही. सांगून टाकावं म्हणून ती चहा घेऊन जायची आणि रिकामा कप घेऊन परत यायची.

ज्या सकाळी ते मैदानावरून जिवंत परतले नाहीत, त्या सकाळी ते निघण्यापूर्वी नवरा तोच पांढरा शर्ट घालून दारात उभा होता. सासरे पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी वर पाहिलं, मुलाकडे, मग तिच्याकडे.

"सूनबाई, त्याचं छातीवरचं बटण सैल झालंय. दोन टाके जास्त घाल."