रामवाडीहून कसब्यात

गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा होता, सामान चढलं होतं, आणि अम्मी रिकाम्या खोल्यांची फरशी पुसत होती. जमिनीखालच्या मेट्रो स्टेशनसाठी कसब्यातल्या आपल्या गल्लीचा तुकडा जाणार होता. शेजारच्या लिमयेकाकू दारात येऊन म्हणाल्या, "अगं, पाडणार आहेत ते. पुसतेस कुणासाठी?"

"जाताना घर घाण टाकून गेली, असं कुणी म्हणायला नको," अम्मी म्हणाली.

काकूंनी पदर खोचला आणि बादली भरून आणली. तुम्हा गल्लीकरांपैकी काही जण तेव्हा दारात उभे होतात, आठवत असेल.

मग सगळेच पांगलो. काकू मुलाकडे वनाजला गेल्या, कुणी कोंढव्याला, कुणी हडपसरला. आम्ही खराडीला. आता कबूल करायला हरकत नाही, मला आतून आनंद झाला होता. माझं ऑफिस तिथून दहा मिनिटांवर. लिफ्ट होती, मला स्वतःची खोली मिळाली, ऑनलाइन मीटिंग चालू असताना मागे कुकरची शिट्टी ऐकू येत नव्हती. अब्बांसमोर मात्र मी तोंड पाडून वावरायची.

अब्बांचं पुस्तकबांधणीचं दुकान बुधवार पेठेत, जुन्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. आता त्यासाठी दोन बस बदलाव्या लागायच्या. वर्षभर त्यांनी रेटलं, मग गुडघ्यांनी नाही म्हटलं आणि दुकानाचं शटर खाली आलं. पेठेत मी 'बाइंडरसाहेबांची मुलगी' होते. इथे ते 'सातशे चारवाल्या मॅडमचे वडील' झाले. दुपारपर्यंत पेपर वाचायचे, मग तोच पुन्हा. त्यांची तक्रार नव्हती, आणि त्याचंच मला जास्त वाटायचं.

मेट्रो सुरू झाली तीही तुकड्यातुकड्याने. आधी वनाजकडचा थोडा भाग, पिंपरीकडचा थोडा. लोक पोराबाळांना घेऊन नुसतेच बसून यायचे. पुढे वनाजची गाडी नदीवरून थेट आमच्याकडे, खराडीजवळच्या रामवाडीपर्यंत आली, आणि शेवटी पिंपरीची गाडी जमिनीखालून कसबा, मंडई करत स्वारगेटला पोचली. दोन्ही मार्ग सिव्हिल कोर्टाला एकमेकांना छेदतात. तिथे गाडी बदलली, की आपली पेठ पुढच्याच स्टेशनवर. मी उत्साहाने अब्बांना सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "जिच्यासाठी घर दिलं, तिचं तिकीटही आपणच काढायचं?"

मी पुन्हा विषय काढला नाही.

गेली ती अम्मी. आयुष्यात कधी मंडईच्या पलीकडे एकटी न गेलेली बाई. तिनं आणि काकूंनी फोनवर परस्पर ठरवलं. काकू वनाजहून निघणार, ही रामवाडीहून, सिव्हिल कोर्टाला भेटायचं आणि मिळून पेठेत जायचं. मग दर गुरुवारचा नेमच झाला. संध्याकाळी ती बांगड्या, दोरे, भाजी आणि तुम्हा सगळ्यांच्या बातम्या घेऊन परतायची. कुणाची सून आली, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. अब्बा पेपर धरून बसायचे, पण पान उलटत नसत.

एका गुरुवारी तेही चपला घालून तयार झाले. त्या दिवशी मीही रजा टाकली. कसब्याच्या स्टेशनात सरकत्या जिन्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. वर आल्यावर त्यांना दिशाच कळेना. आपली गल्ली जिथे वळायची, तिथे काचेचं दार होतं. मला वाटलं, आणलं हीच चूक झाली. तेवढ्यात वाचनालयाचे जुने ग्रंथपाल समोरून आले. त्यांनी अब्बांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आलात? आमची चाळीस पुस्तकं सुटी झालीत. म्हटलं, तुम्हाला सवड झाली की बघू."

अब्बा हसले, आणि त्याच दुपारी त्यांनी शटर उघडलं.

आता ते आठवड्यातून तीन दिवस दुकानात असतात. गुडघ्यांचं दुखणं आहेच, पण हातांना खळीचा वास येतो. जुनी जागा परत मिळालेली नाही, मिळणारही नाही. पेठ आमच्यासाठी आता यायची-जायची जागा झाली आहे.

गेल्या महिन्यात संध्याकाळी त्यांचा फोन आला. सिव्हिल कोर्टाला ते चुकून उलट्या गाडीत बसले होते आणि थेट वनाजला पोचले होते. मी घाबरले, पण ते काकूंकडे आरामात चहा घेत होते. मागून काकूंचा आवाज आला, कांदेपोहे खाल्ल्याशिवाय त्यांना सोडणार नाही म्हणून.

"अम्मीला सांग, काळजी करू नको," अब्बा म्हणाले. "पोहे खातो आणि घरी येतो."

तोवर खराडीच्या जागेला ते नेहमी 'फ्लॅट' म्हणायचे. मी अम्मीला निरोप दिला, शब्द न बदलता. तिनं मला तो पुन्हा एकदा सांगायला लावला.