मुक्या पडद्याशेजारचा गुरुसिद्धप्पा

सोलापूरच्या गिरणीत जन्म काढलेल्या माणसाच्या टोपीवर रुई बसते ना, तसे किस्से अंगावर बसत जातात. झटकायचे म्हटले तरी निघत नाहीत. इतरांच्या किश्श्यांत त्यांची बाजू मोठी असते. आमच्या मंडळाचा एकही किस्सा मान वर करून सांगता येत नाही. तरी सांगतो. आता नोकरी नाही, त्यामुळे अब्रूही थोडी सैल झाली आहे.

आम्ही गिरणीच्या ऑफिसातले चार कारकून. नवी पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर शनिवारी जमायचो आणि साहित्याची सेवा करायचो. हेडक्लार्क नानासाहेब अध्यक्ष. पहिल्याच बैठकीत त्यांनी फर्मावलं, "मागच्या बैठकीचं टिपण वाचा."

मागची बैठक झालीच नव्हती! पण ऑफिसात विषय असाच सुरू होतो, म्हणून अर्धा तास चर्चा झाली. शेवटी टिपण "दुरुस्तीसह कायम" झालं. साहित्य पुढच्या शनिवारवर गेलं.

एकदा मी बैठकीत कादंबरी वाचून दाखवत होतो. नायिका क्षयानं गेली. मी पुस्तक मिटून डोळे पुसले. नानासाहेब म्हणाले, "हिचं काम आता कोणाकडे?"

आमच्यात खरा रसिक एकच, गुरुसिद्धप्पा. दुधनीचा. घरात कानडी, बाहेर मराठी. तो वाचायला लागला की खालचा दुकानदार कापड मोजायचा थांबायचा. आम्ही मात्र त्याच्या "हाय" आणि "न्हाय"ला हसायचो. शुद्ध भाषेत आम्ही काय लिहिलं होतं, हे कुणी विचारू नये.

त्यानं एक नाटक लिहिलं. नानासाहेबांनी न उघडताच सांगितलं, "तीन प्रतींत सादर करा."

बिचाऱ्यानं महिनाभर बसून तीन प्रती केल्या. एक नानासाहेबांना, एक मला, एक आमच्यातल्या चौथ्या, जोशांना. पुढल्या शनिवारी त्यानं आशेनं विचारलं, "कसं वाटलं?"

आम्ही तिघे एका सुरात म्हणालो, "बाकीच्या दोघांचा अभिप्राय येऊ द्या!"

मग त्यानं नोकरीच सोडली. तेव्हा सिनेमा मुका होता. पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट समजावून सांगायला थेटरात माणूस लागायचा. ते काम यानं धरलं. चाळिशी उलटलेली, घरात दोन मुली लग्नाच्या!

नानासाहेब तडकले. "अहो, पर्मनंट नोकरी सोडून तुम्ही अंधारात ओरडणार?"

"साहेब, पडदा मुका हाय. कुनीतरी बोलाया पायजे की."

सासऱ्यानं दुधनीहून निरोप धाडला, की हे जमलं नाही तर मुकाट्यानं इथं यायचं आणि माझ्या अडतीवर बसायचं. गुरुसिद्धप्पा आम्हाला म्हणाला, "तितं बसलो की संपलो बगा मी."

सिनेमाला जाणं कारकुनाला शोभत नसे. त्यामुळे त्याला ऐकायला आम्ही वेगवेगळे, एकमेकांना चोरून गेलो. तोंडावर उपरणं. पडद्यावर खलनायक आला, त्याचंही तोंड झाकलेलं.

गुरुसिद्धप्पा गरजला, "बगा मंडळी, तोंड झाकून आलाय! भला मानूस असता तर तोंड कशाला झाकला असता?"

खुर्च्यांच्या रांगेत तीन उपरणी एकदम खाली आली!

पद्मशाली विणकरांसाठी तो मध्येच तेलुगूही बोलायचा. एकदा फिल्म तुटली. लोक शिट्ट्या मारू लागले, म्हणून त्यानं अंधारात गोष्ट पुढे रेटली. नायिका सोडवली, वऱ्हाड बोलावलं, लग्न लावलं, सासूशी पहिलं भांडणही उरकलं. तेवढ्यात फिल्म जोडली गेली. बघतात तो नायिका अजून खलनायकाच्या घोड्यावर!

खालून एक म्हातारा ओरडला, "आरं, लगीन झालेल्या बाईला कुटं पळवतोस?"

आणि मग बोलपट आला. मॅनेजरनं गुरुसिद्धप्पाला सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

तो शनिवारी माडीवर आला. नानासाहेबांसमोर हात जोडून उभा राहिला. "साहेब, माजी जागा?"

"रीतसर अर्ज करा. विचार होईल."

जागा रिकामी होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी पुस्तकात डोकं घातलं. जोशांनी खिडकीतून पेठ बघितली. गुरुसिद्धप्पा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. सोमवारी दुधनीची गाडी धरतो. ट्रंक भरली हाय."

आमची लाज झाकायला आम्ही त्याला रविवारी बोलपटाला नेलं. आयुष्यात पहिल्यांदा तो तिकिटाच्या खुर्चीवर बसला, आमच्या मधोमध. पडदा भराभर हिंदुस्थानी बोलू लागला. खाली जमिनीवर बसलेल्या विणकरांना आणि गिरणी कामगारांना त्यातलं काही कळेना. चुळबुळ सुरू झाली.

एकजण मागे वळला. "आरं, गुरुसिद्धप्पा हितं बसलाय की!"

"ओ अप्पा! ह्यो काय बोलतोय? सांगा की!"

तो उठला. नानासाहेबांनी त्याचा कोट ओढला. "बसा हो! चारचौघांत शोभतं का?"

गुरुसिद्धप्पानं कोट सोडवून घेतला आणि पडद्याकडे बोट केलं. "आदी त्याला गप करा. मग सांगतो."

सगळं थेटर मशीनच्या खोलीकडे तोंड करून ओरडायला लागलं. लोक पाय आपटू लागले. मॅनेजर धावत वर गेला. थोड्या वेळानं पडद्यावरचा नायक नुसतेच ओठ हलवू लागला.

गुरुसिद्धप्पा पुढे गेला, पडद्याशेजारी उभा राहिला आणि घसा साफ करून म्हणाला, "मंडळी, ह्यो आतापतोर काय बोलला, ते समदं इसरा!"