एकाच बीमची तीन उत्तरं

मंडळी, इथले धागे वाचून गेल्या आठवड्यात मी ऑफिसच्या पीसीचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडवर लावला. दहा मिनिटं टेस्ट चालवली, तापमान बरं दिसलं, म्हटलं जमलं.

मी राजारामपुरीत घरांचं स्ट्रक्चरल डिझाइन करतो. आज दुपारी पेठ वडगावच्या, ड्रॉइंग पाठवून झालेल्या एका घराची फाइल सहज पुन्हा चालवली, तर एका बीमला आधीपेक्षा जास्त सळ्या आल्या. तिसऱ्यांदा आकडा आणखी वेगळा. मशीन मात्र एकदाही हँग झालं नाही.

तिथल्या ठेकेदार मुल्लाभाईंना फोन लावला. "स्लॅब टाकू नका."

"काल टाकला की साहेब! का, काय झालं?"

"मी सांगितल्याशिवाय एक टेकू काढायचा नाही."

ते म्हणाले, "वर पाणी मारायला माणसं चढल्यात. उतरवू?"

"उतरवा."

स्पीड मूळ आकड्यावर आणला. आता दरवेळी एकच उत्तर येतंय, आणि मी पाठवलेल्या सळ्या त्यापेक्षा कमी आहेत. उद्या तो बीम हातानं तपासून दुरुस्ती ठरवायची आहे. पण या आठवड्यात आणखी चार ड्रॉइंग बाहेर गेलीत आणि एका ठेकेदाराचा फोन अजून लागत नाही.

वाढवलेल्या स्पीडवर कामाचं काही करत असाल तर एकच फाइल दोनदा चालवून बघा. उत्तरं वेगळी आली, तर आतापर्यंत कुणाकुणाला काय दिलंय, ते सांगता येईल तुम्हाला?