आमेनच्या आधी

“देवाला भ्यायचं गं, पट्ट्याला न्हाय,” असं मार्थाबाई एकदा लेकीला म्हणाल्या होत्या. स्वतः मात्र त्या पट्ट्यालाच भीत आल्या.

त्र्याहत्तर साल. सोलापूरच्या गिरणीतून आला की नवरा शमुवेल घरची प्रार्थना घ्यायचा. लेक रिबका स्तोत्राची ओळ चुकली की कंबरेचा पट्टा तिच्या पाठीवर बसे. आमेनआधी उठणं म्हणजे देवाचा अपमान, म्हणून मार्थाबाई डोळे मिटून गुडघ्यांवरच राहत.

त्या संध्याकाळी, देवाच्या भयातून शहाणपण येतं, ही ओळ रिबका विसरली. बक्कल कपाळावर बसलं, रक्त समोरच्या स्तोत्राच्या पुस्तकावर सांडलं.

“देवाची स्तुती कर म्हटलं की तोंड शिवतं व्हय तुझं?”

“पुन्हा पहिल्यापासून म्हणू का, बाबा?” रिबकाने रक्त पुसत विचारलं.

मार्थाबाई उठल्या. शमुवेलच्या हातातला पट्टा हिसकावून त्यांनी पेटत्या चुलीत घातला. त्याने त्यांच्या तोंडात मारली. लेकीला कडेवर घेऊन त्या बाहेर पडल्या.