कॅमेऱ्यावरची गोणी

कॅमेरा बिघडला नव्हता. त्याच्या तोंडावर खताची रिकामी गोणी चढवून सुतळीनं पक्की गाठ मारली होती. जालन्याहून धावड्यापर्यंत गाडी हाणत आले ती हे बघायला! डोकंच फिरलं माझं.

नवीन जालन्यात स्टेशनकडच्या एका दुकानात मी टेक्निशियन आहे. कॅमेरे बसवते, बंद पडलेले चालू करते. बाईमाणूस खांबावर चढतं म्हणून लोक आधी मला बघून घेतात, मग कॅमेऱ्याकडे बघतात. ही कंप्लेंट पुण्याहून आली होती. मिलिंद तिथं नोकरीला, आणि आई गयाबाई इकडे शेत बघतात. पाण्याच्या मोटारीची केबल चोरीला गेली तेव्हा त्यानं मोटारीजवळ सिमवर चालणारा कॅमेरा लावून घेतला. त्यात माइक असतो आणि स्पीकरही. म्हणजे पुण्यात बसून शेत दिसतं, ऐकू येतं, आणि तिथून बोलताही येतं. आता स्क्रीन काळी झाली म्हणून तो रोज फोन करत होता. शेठ वैतागले होते. "कंप्लेंट क्लोज केल्याशिवाय परत येऊ नको," म्हणाले.

गयाबाई समोरच लिंबाखाली बसल्या होत्या. गोणी कुणी बांधली, मी विचारलं.

"मीच. हौदाच्या कठड्यावर चढून," त्या म्हणाल्या, आणि मला पाणी दिलं. जणू मी पाहुणी म्हणूनच आले होते.

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्याकडे बायकांची सावड चालते. आज सगळ्या जणी एकीच्या रानात राबायच्या, उद्या दुसरीच्या. दुपारी भाकरी सोडायच्या त्या मात्र कायम गयाबाईंच्या लिंबाखाली, आणि तिथं सासू, सून, नवरा, सगळ्यांचा यथेच्छ समाचार घ्यायचा. कॅमेरा लावला मोटारीसाठी, पण लिंब बरोबर त्याच्या समोर. एकदा वरून आवाज आला, "आई, उन्हात कशाला बसली?" सगळ्या दचकल्या, मग हसून लोळल्या. तिथवर ठीक होतं.

पुढं शेजारच्या रानातली रुक्मिण जेवताना बोलून गेली, की लेकासाठी बघितलेली पोरगी काही तिला पसंत नाही. मिलिंदनं ते पुण्यात ऐकलं. रुक्मिणचा लेक त्याचा वर्गमित्र. यानं गप्पांच्या नादात त्याला सांगून टाकलं. त्या घरात मग जे व्हायचं ते झालं. रुक्मिण यायची बंद झाली, तिच्यामागं बाकीच्याही. कापूस फुटून उभा होता आणि वेचायला एक बाई येईना.

"आन भाकर एकटीनं खावी लागून राह्यली," गयाबाई म्हणाल्या. "घासच उतरत न्हाई बघ पोरी."

माझा राग कुठल्या कुठं गेला. म्हटलं, मावशी, त्यात काय, माइक बंद करून देते. पण ते माझ्या हातात नव्हतं. असा कॅमेरा ज्याच्या फोनवरून पहिल्यांदा जोडला जातो तो त्याचा अ‍ॅडमिन, म्हणजे मालक. त्यानं सोडल्याशिवाय दुसऱ्याला काही बदलता येत नाही. रीसेट करून उपयोग नाही, कंपनीचा सर्व्हर मालक म्हणून त्याचंच नाव सांगतो. हे मी मावशींना समजावून सांगितलं. सर्व्हर म्हणजे काय तेही सांगितलं, की इथलं बोलणं आधी कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर जातं, तिथून पुण्याला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शेत माझ्या नावावर. लिंब माझ्या हातचा. मंग त्याच्याखाली मी बोलले ते कोणाचं?"

मी सरळ मिलिंदला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. गोणीचं ऐकून तो आधी हसला, मग चिडला. म्हणाला, "मॅडम, केबलचं जाऊ द्या. आईला चक्कर येते. एकटी असते रानात. म्हणून मी बघत राह्यतो."

पोरगं वाईट नव्हतं. आवाजात खरी काळजी होती. मी काही बोलणार तेवढ्यात मावशींनी फोन स्वतःकडे ओढला.

"चक्कर आली तर तू पुण्याहून उचलायला येणार का? मागं पडले तव्हा रुक्मिणनं उचललं. तीच येईना आता, तुझ्यामुळं."

मग तो हळूच म्हणाला, "मॅडम, काय करायचं सांगा."

काम सोपं होतं. त्यानं त्याच्या अ‍ॅपमधून कॅमेरा सोडला, मी तो मावशींच्या फोनवर जोडला. नातवाचे व्हिडिओ बघायला मिलिंदनंच पाठवलेला फोन होता तो. आता अ‍ॅडमिन गयाबाई. माइक बंद. कॅमेऱ्याचं तोंड वळवून मोटार आणि केबल तेवढी घेतली, लिंब बाहेर. मिलिंदला नुसतं बघायची परवानगी, तीही आईनं दिलेली. आणि रुक्मिणकाकूंची माफी आपण स्वतः मागू, असं तोच म्हणाला. ती काही माझ्या कामात बसत नव्हती, पण ऐकून बरं वाटलं.

दुकानात आल्यावर शेठनी विचारलं, फॉल्ट काय होता? मी सांगितलं, कॅमेरा जास्तच चांगला चालत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कंप्लेंट क्लोज केली.

पुढं त्याच भागात दुसरं काम निघालं तेव्हा मुद्दाम वाट वाकडी केली. लिंबाखाली बायकांचा कलकलाट लांबूनच ऐकू येत होता, आणि सगळ्यात मोठा आवाज रुक्मिणचा. मला बसवून घेतलं, भाकरी आणि ठेचा पुढ्यात आला. मिलिंद आता दुपारी जेवणं झाल्यावर साधा फोन करतो, आणि मावशी वाटलं तर उचलतात. मी पोटभर जेवले, आणि काय काय ऐकलं ते इथं लिहिणार नाही.

हल्ली कुठंही कॅमेरा लावायच्या आधी मी रेंज बघते, ऊन बघते, आणि विचारते, इथं जेवायला कोण बसतं?