चंद्रभाननं साल सोडलं

चंद्रभान आमच्या घरचा सालदार. म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. गुढीपाडव्याले त्याचं साल संपाचं. मंग आम्ही त्याले गोडधोड जेवू घालाचं, नवं साल बोलाचं, आन् कबूल असन त त्यानं बैलाच्या कासऱ्याले हात लावाचा. या घरची रीतच तशी. मी लगीन होऊन गिरडाकडच्या या गावात आली तवा तो होता, आन् माही मंजुषा कॉलेजात गेली तरी होताच.

आमच्यात गडी म्हणणं ही काही शिवी नाई. 'गडी मोठा कामाचा हाये' असं आम्ही कौतुकानंच म्हणतो. पण शब्द कोणाच्या तोंडातून निंगते त्यावर सारं हाये, बापा. वर्ध्याच्या एका दुकानात मले एक जण म्हणे, ओ देहाती बाई, साडीले हात नोको लावू. माह्या अंगाची लाही लाही झाली. त्याले असं झापलं का बाकीचे गिऱ्हाईक पाह्यतच राह्यले, आन् साडी न घेताच निंगली.

त चंद्रभान. बोलाले कमी, कामाले वाघ. घरी तो आन् त्याची बायको, लेकरू काही झालं नाई. माहा एकुलता भाऊ लहानपणीच गेला, त मंजूले सख्खा मामा नाई. चंद्रभानच तिले खांद्यावर बसवून नाल्यापलीकडच्या शाळेत नेऊन सोडाचा. पोट्टी त्याच्याच मागं 'मामा, मामा' करत मोठी झाली.

मागच्या थंडीत तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. नवरदेव निशांत वर्ध्याचा, हापिसात नोकरीले, मोठा गुणाचा पोरगा. मंजू त्याले एकेकाच्या पाया पडवून राह्यली होती. चंद्रभान तिकडं पाण्याचा ड्रम भरत होता, त्याले हात धरून घेऊन आली, म्हणे हे माहे मामा. निशांत वाकला, तेवढ्यात त्याची आत्या म्हणाली, "अरे, थांब. गडी आहे तो त्यांचा."

चंद्रभान आपणच मागं सरला. निशांत बिचारा अर्धा वाकलेला तसाच उभा. मले असा राग आला का काय सांगू, पण पोरीची माय होती ना मी, दातओठ खाऊन गप राह्यली.

पाहुणे गेल्यावर मंजूनं सांगून टाकलं. आमच्याकडं नवरीले तिचा मामा मांडवात घेऊन येते. म्हणे, मले चंद्रभान मामानंच आणलं पाह्यजे, नाई त मी एकटी चालत येईन. आमचे हे, अण्णाजी, म्हणाले, अवं पण लोक काय म्हणतीन? चंद्रभानले इचारलं त तो बैलाची मान खाजवत राह्यला. पाहू म्हणे.

पाडवा आला. मी पुरणाचं केलं. तो पोटभर जेवला, हात धुतला, आन् कासऱ्याले हात न लावता म्हणे, "यंदा साल सोडतो, बाई."

लगीन तोंडावर आन् हा पाठ दाखवते! मंग माही जीभ काय सांगावी. नमकहराम म्हणलं, खाल्ल्या घरचे वासे मोजते म्हणलं. त्यानं सारं ऐकून घेतलं, चप्पल घातली आन् गेला. दुसऱ्या दिवशी कळलं का तो शेजारच्या गावी बाबाराव म्हणून एका शेतकऱ्याकडं सालानं लागला. मंजू हमसून हमसून रडली. मी म्हणलं, घे, हा तुहा मामा!

मांडवात उभा राहाले दूरच्या एका चुलतभावाले सांगून ठेवलं. लग्नाच्या दिवशी माहा जीव काही थाऱ्यावर नव्हता. नवरीले बोलवाची वेळ झाली, आन् पाह्यते त चंद्रभान. जलमभर आमच्या घरी मागच्या दारानं आलेला माणूस बायकोले घेऊन मांडवाच्या तोंडातून येऊन राह्यला होता. धुतलेलं धोतर, नवी टोपी. पिशवीत माह्यासाठी लुगडं, जसं भाऊ बहिणीले आणते तसं. मी फणकाऱ्यानं इचारलं, आता काऊन आला?

"बाई, घरचा गडी मामा म्हणून उभा राह्यला असता, त पोरीले सासरी जलमभर टोमणा बसला असता," तो म्हणे. "आता मी तुमचा नोकर नाई. आता मले कोणी मागं सरक म्हणू शकत नाई."

भरल्या मांडवात मी लुगड्यात तोंड घालून रडली. माइकवर नवरीच्या मामाले पुकारलं आन् चंद्रभान पोरीचा हात धरून निंगाला. आत्याबाईनं मले इचारलं, हे कोण? मी म्हणलं, माहा भाऊ. तिनं ओळखलं, पण बोलली नाई. यावेळी निशांत पुरा वाकला.

पण आमच्या वावरात आता दुसरा सालदार हाये. त्याले बैल आवरत नाई. अण्णाजी म्हणतात, चंद्रभानले परत बोलाव. कसं बोलावू? भावाले काय मजुरीवर ठेवाचं? तोही येणार नाई, मले ठाऊक हाये. रस्त्यानं जाता जाता त्याले बाबारावच्या वावरात राबताना पाह्यते. माह्या पोरीसाठी हा माणूस परक्याच्या दारी गेला.

यंदा भाऊबीजेले त्याले पाटावर बसवलं. ओवाळलं, ताट वाढलं. त्यानं पह्यला घास घेतला असन, तेवढ्यात बाबारावची मोटरसायकल दारात. कापूस वेचणं चालू, गाडी भराची होती. बाहेरूनच म्हणे, "आमचा गडी आला का इकडं?"

चंद्रभान ताटावरून उठाले लागला. मी त्याच्या खांद्यावर हात दाबून त्याले खाली बसवलं.

"गडी नाई आला, बाबाराव," मी म्हणलं. "माहा भाऊ आला हाये. जेवला का पाठवते."