रात्री न उतरणारी रेघ

आईच्या दंडाला डॉक्टरांनी चोवीस तासांसाठी रक्तदाब मोजणारा पट्टा बांधून दिला होता. दिवसा त्याचं काही वाटलं नाही. रात्री मात्र दर अर्ध्या तासाने कमरेचं यंत्र घरघरायचं, पट्टा फुगून दंड आवळायचा आणि आई झोपेतच म्हणायची, "आले हं, आले." शेजारच्या खोलीत मी जागाच होतो.

बाबा शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते. रात्री पाणी हवं असलं की हाक न मारता ते तिचा दंड दाबायचे. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. माणसाचे कपडे देऊन टाकता येतात. त्याच्यासाठी उठण्याची सवय कुठे द्यायची, ते कुणी सांगत नाही.

यंत्रासोबत दिलेल्या नोंदीच्या कागदावर सकाळी आईने लिहिलं, 'झोप शांत.'

डॉक्टरांनी आलेख पुढे ठेवला. झोपेत रक्तदाब उतरायला हवा. वयाबरोबर हा उतार कमी होतो, आणि ते हृदयाला, मेंदूला धोक्याचं असतं. आईची रेघ रात्रभर दिवसाइतकीच उंच होती.

"आजी, रात्री कुणी उठवतं का?" त्यांनी आईला विचारलं.

"आता कोण उठवणार?"

मी ऐकलेलं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मग गोळी वाढवण्याआधी पुन्हा एकदा मोजू. पुढच्या आठवड्यात या."

आईने पदर सारून दंड पुढे केला होता. "आजच बांधा," ती म्हणाली. "मला त्याचा काही त्रास होत नाही."